बुकॅनन ‘हातावर हात ठेवून बसला’ हे खरं नाही

अमेरिकेच्या यादवीबद्दल कुठेही वाचायला घेतलं की लिंकनच्या आधीचा अध्यक्ष जेम्स बुकॅनन दोन ओळीत संपतो. म्हातारा होता, दुबळा होता, देश फुटत असताना हातावर हात ठेवून बसला, झालं. मीही बरीच वर्षं असंच धरून चाललो होतो, आणि अजूनही त्याला वाईट अध्यक्षच म्हणतो, पण ‘काहीच केलं नाही’ हे वाक्य मला आता खटकतं. कारण चार वर्षांपैकी साडेतीन वर्षं हा माणूस भयंकर कामाला लागलेला होता, फक्त एका बाजूसाठी.

आधी माणूस कोण ते बघा. पेनसिल्व्हेनियाचा, म्हणजे उत्तरेतला. खासदार, सिनेटर, परराष्ट्रमंत्री, रशियात राजदूत, मग ब्रिटनमध्ये राजदूत, एवढा अनुभव घेऊन अध्यक्ष झालेले फार थोडे. 1854 मध्ये, अजून राज्य न झालेल्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नाही हे तिथल्या लोकांवर सोपवणाऱ्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावरून देशात रान पेटलं तेव्हा हा लंडनमध्ये होता, त्यामुळे कोणत्याच बाजूचा शिक्का बसला नव्हता आणि 1856 ला त्याच्या डेमोक्रॅटिक पक्षाला नेमका असाच उमेदवार हवा होता. पण निवडून आला तो दक्षिणेच्या जिवावर. त्याला पडलेल्या 174 इलेक्टोरल मतांपैकी (म्हणजे राज्याराज्यांतून अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या मतांपैकी) 112 गुलामगिरी असलेल्या राज्यांतली. दोस्तमंडळी दक्षिणेतली, मंत्रिमंडळातले वजनदार लोक दक्षिणेतले. त्याचं मनापासून असं मत होतं की खरी कटकट गुलामगिरी नाहीये, कटकट आहे ती गुलामगिरीविरुद्ध बोलणारे लोक, ते गप्प झाले की देश शांत होईल. चाळीस लाखांच्या आसपास माणसं दुसऱ्याच्या मालकीची होती त्या देशात, आणि अध्यक्षाला त्रास कुणाचा, तर त्यावर बोलणाऱ्यांचा.

आता ड्रेड स्कॉटचा खटला घ्या. ड्रेड स्कॉट हा गुलाम, त्याचा मालक लष्करी डॉक्टर, तो त्याला इलिनॉयमध्ये आणि पुढे फोर्ट स्नेलिंगला घेऊन गेला, दोन्ही ठिकाणी गुलामगिरीला बंदी. तिथे राहिलो म्हणजे आम्ही मुक्त, असं म्हणून ड्रेड आणि त्याची बायको हॅरिएट यांनी 1846 मध्ये सेंट लुईसच्या कोर्टात दावा लावला. 1850 मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला, 1852 मध्ये मिसूरीच्या वरच्या कोर्टाने तो फिरवला, आणि असं करत करत प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं. अकरा वर्षं एक कुटुंब दोन मुलींना घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढत होतं.

4 मार्च 1857 ला बुकॅननचा शपथविधी झाला आणि भाषणात तो म्हणाला की नव्या प्रदेशांतल्या गुलामगिरीचा प्रश्न कोर्टापुढे आहे, निकाल लवकरच लागेल, आणि तो काहीही असो, सगळ्या चांगल्या नागरिकांसारखा मीही तो आनंदाने मान्य करीन. ऐकायला किती सभ्य! पण निकाल काय लागणार हे त्याला आधीच माहीत होतं. फेब्रुवारीतच त्याने सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती कॅट्रनला पत्र लिहून विचारणा केली होती. कॅट्रनने सुचवलं की तुमच्याच पेनसिल्व्हेनियाच्या न्यायमूर्ती ग्रिअरला जरा लिहा, कारण अडचण अशी होती की बहुमत फक्त दक्षिणेतल्या न्यायमूर्तींचं दिसलं असतं, उत्तरेतला एखादा तरी सोबत हवा होता. बुकॅननने लिहिलं. ग्रिअर सामील झाला, वर उलट टपाली कोर्टाच्या आतली सगळी हकीकतही कळवून टाकली. निवडून आलेला अध्यक्ष, शपथ घ्यायच्या आधी, चालू खटल्यात न्यायमूर्तीवर वजन टाकतोय. याला दुबळेपणा म्हणायचं?

दोनच दिवसांनी, 6 मार्चला, सरन्यायाधीश रॉजर टॉनीने निकाल वाचला. काळा माणूस, मग तो गुलाम असो की मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालायचा काँग्रेसला अधिकारच नाही. सात विरुद्ध दोन. बुकॅननला वाटलं वाद मिटला, आणि झालं काय तर वादाला तोंड फुटलं, कारण नव्याने उभा राहिलेला रिपब्लिकन पक्ष ज्या एका मुद्द्यावर उभा होता तोच कोर्टाने घटनाबाह्य ठरवला होता.

कॅन्ससचं तर विचारूच नका. हा प्रदेश तेव्हा राज्य व्हायच्या वाटेवर होता. तिथे बुकॅननने गव्हर्नर म्हणून रॉबर्ट वॉकरला पाठवलं, हा मिसिसिपीचा माणूस, म्हणजे गुलामगिरीविरोधक अजिबात नव्हे. पण माणूस सरळ. 1857 च्या ऑक्टोबरमधल्या निवडणुकीत ऑक्सफर्ड नावाच्या एका वस्तीतून सोळाशेच्या वर मतं आली, जिथे जेमतेम सहा घरं होती! मतदारांची नावं सिनसिनाटी शहराच्या डिरेक्टरीतून उतरवून काढलेली निघाली. वॉकरने ती मतं रद्द केली. मग गुलामगिरीवाल्यांनी लेकॉम्प्टन गावात बसून राज्यघटना बनवली, आणि लोकांपुढे मतदानाला ठेवली ती अशी की ‘गुलामगिरीसकट’ म्हणा नाहीतर ‘गुलामगिरीशिवाय’ म्हणा, आधीपासून तिथे असलेले गुलाम गुलामच राहणार, आणि अख्खी घटनाच नको असेल तर ते म्हणायची सोय नाही. पूर्ण घटना लोकांच्या मताला टाकू असा शब्द वॉकरने बुकॅननच्या भरवशावर दिला होता, तो बुकॅननने फिरवला आणि वॉकरने राजीनामा दिला. पुढे 4 जानेवारी 1858 ला सगळी घटना मतदानाला आली तेव्हा दहा हजारांच्या वर मतं विरोधात पडली, बाजूने दोनशेही नाहीत.

एवढं समोर दिसत असताना बुकॅननने फेब्रुवारीत ती घटना काँग्रेसकडे पाठवली, आणि सोबतच्या संदेशात लिहिलं की कॅन्सस हे आज जॉर्जिया किंवा साउथ कॅरोलिनाइतकंच गुलामगिरीचं राज्य आहे. मग जोर लावला तो बघण्यासारखा. नेमणुका, कंत्राटं, धमक्या, सगळं. त्याच्याच पक्षातला इलिनॉयचा सिनेटर स्टीफन डग्लस उलटला तर त्याच्या माणसांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं. सिनेटमध्ये ठराव पास करून घेतला, खालच्या सभागृहात 120 विरुद्ध 112 ने हरला. स्वतःचा पक्ष मधोमध चिरला, आणि 1860 मध्ये त्या पक्षाचे दोन उमेदवार उभे राहिले म्हणून लिंकनची वाट सोपी झाली, हे तर सरळ दिसतं.

आणि सैन्याचं? 1857 मध्ये युटातले मॉर्मन पंथाचे लोक सरकारचं ऐकत नाहीत म्हणून याने अडीच हजारांच्या आसपास सैनिक तिकडे धाडले. 1859 च्या ऑक्टोबरमध्ये गुलामगिरीविरोधक जॉन ब्राऊनने हार्पर्स फेरीचं सरकारी शस्त्रागार ताब्यात घेतलं तेव्हा रॉबर्ट ली या लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली मरीन्स पाठवले, दोन दिवसांत मामला खलास. म्हणजे सरकारचा हात कसा वापरायचा हे याला पक्कं माहीत होतं. पण लिंकन निवडून आल्यावर साउथ कॅरोलिना बाहेर पडायची भाषा करायला लागली, तेव्हा 3 डिसेंबर 1860 च्या संदेशात तो काय म्हणतो, की राज्यांना फुटून जायचा अधिकार नाही, पण जो फुटतो त्याला बळाने थांबवायचा अधिकार मला नाही आणि काँग्रेसलाही नाही. वर दोष उत्तरेचा, तुम्ही गुलामगिरीबद्दल बोलत राहिलात म्हणून ही वेळ आली. 20 डिसेंबरला साउथ कॅरोलिना गेली आणि फेब्रुवारी लागेपर्यंत आणखी सहा राज्यं गेली. मला या माणसाचा राग येतो तो इथे. अधिकार नाहीत हे नेमकं तेव्हाच आठवलं जेव्हा ते मित्रांवर चालवायचे होते.

आपल्याकडे हे सगळं फार दुरून बघितलं जायचं असं नाही बरं का. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ पुस्तक काढलं ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलेलं आहे, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दल. अर्पण लोकांना आहे, कुठल्या अध्यक्षाला नाही, आणि बुकॅननची कारकीर्द वाचल्यावर ते मला फार योग्य वाटतं. कारण 1850 च्या दशकात हा प्रश्न जिवंत ठेवला तो ड्रेड आणि हॅरिएटसारख्यांनी, पळून आलेल्या गुलामांनी, त्यांना लपवणाऱ्यांनी, कॅन्ससमधल्या त्या दहा हजार मतदारांनी, तेही वॉशिंग्टन विरोधात असताना.

शेवटचे दोन महिने मात्र वेगळे गेले हे मान्य करायला हवं. 26 डिसेंबरच्या रात्री केंद्राच्या सैन्यातल्या मेजर अँडरसनने आपली छोटी तुकडी साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन बंदरातल्या फोर्ट समटर या किल्ल्यात हलवली. साउथ कॅरोलिनाची माणसं तिला परत बोलवा म्हणून वॉशिंग्टनला बसलेली. बुकॅननने त्यांना द्यायचं उत्तर असं मऊ लिहिलं होतं की परराष्ट्रमंत्री जेरेमाया ब्लॅक म्हणाला, हे जाणार असेल तर मी जातो. मग ब्लॅकनेच ते कडक करून दिलं, बुकॅननने ते पाठवलं आणि समटर सोडला नाही. दक्षिणेतले मंत्री एकेक करून गेले, त्यांच्या जागी युनियनवाले, म्हणजे देश एकसंध ठेवायला बघणारे, आले आणि हाच बुकॅनन एकदम ताठ झाला. म्हणजे जमत होतं की! आजूबाजूची माणसं बदलली आणि जमलं. हे कळल्यावर त्याच्याबद्दलचं माझं मत आणखीच वाईट झालं. 1866 मध्ये त्याने स्वतःच्या कारकिर्दीचं समर्थन करणारं पुस्तक लिहिलं, तोवर युद्धात लाखो माणसं मेली होती, आणि त्यातही बोट उत्तरेतल्या गुलामगिरीविरोधकांकडेच.

लिंकनही सुरुवातीला काही मुक्तिदाता वगैरे नव्हता, अध्यक्ष म्हणून पहिल्याच भाषणात त्याने सांगितलं की जिथे गुलामगिरी आहे तिथे मी हात लावणार नाही. पण ती नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही यावर तो अडून बसला, त्याआधी डिसेंबरमध्ये तडजोडीसाठी सगळीकडून दबाव होता तरी त्याने आपल्या लोकांना कळवलं की या मुद्द्यावर तडजोड नाही, टक्कर व्हायचीच असेल तर नंतरपेक्षा आत्ता झालेली बरी. शपथ घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात आलं ते अँडरसनचं पत्र, समटरमधलं धान्य जेमतेम सहा आठवडे पुरेल. त्याने साउथ कॅरोलिनाच्या गव्हर्नरला आगाऊ कळवून फक्त रसद पाठवायचं ठरवलं, म्हणजे पहिली गोळी झाडायची की नाही ते त्यांनी ठरवायचं. 12 एप्रिलला पहाटे साडेचारला त्यांनी ती झाडली.