संकष्टीला शिवडी: लडाखचा पक्षी हार्बर लाइनवर

लडाखला जायला रजा नव्हती आणि खिशातही खडखडाट, म्हणून लडाखचा पक्षी बघायला शिवडीला गेलो. चेष्टा नाही. तिबेटी सँड प्लोव्हर हा मैनेहून लहान चिखल्या. उन्हाळ्यात तो लडाख-तिबेटकडे, झाडं संपतात त्याच्याही वर, चार हजार मीटरच्या आसपास उघड्या जमिनीत खळगा करून अंडी घालतो. हिवाळा मात्र समुद्राच्या पातळीला. जुन्या पुस्तकांत तो 'लेसर सँड प्लोव्हर' या नावाखाली सापडेल. सैबेरियाकडचा त्याचा भाऊ अलीकडेच वेगळी जात म्हणून काढला.

आधी भरतीचं बघा, बाकी सगळं नंतर. मागच्या वर्षी मी न बघता गेलो होतो. पूर्ण ओहोटी, पाणी पार आत गेलेलं, पक्षी म्हणजे क्षितिजावर सांडलेली मोहरी. या वेळी कोळ्यांचा हिशोब धरला: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळी ऊन थेट डोळ्यांत येतं आणि सगळे पक्षी काळेच दिसतात. दुपारी ऊन पाठीवर. त्यामुळे तीनची भरती आणि साडेचारपासून उतरतं पाणी, हा योग उत्तम. अष्टमीच्या आसपास जाऊ नका, तेव्हाची भरती लहान असते, या भांगाचं पाणी नीट चढत नाही.

चतुर्थी नेमकी संकष्टी निघाली. सोबत आत्या होती, उपासाची. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेली. तिने साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेतला आणि मला दुर्बीण उचलायला लावली.

शिवडी स्टेशनला पूर्वेला उतरलो. जेट्टीपर्यंत चालत वीसेक मिनिटं, पण ट्रकची धूळ एवढी की मास्क हवाच. वयस्कर माणूस बरोबर असेल तर सरळ टॅक्सी करा. पाणी घरून न्या, स्वच्छतागृह स्टेशनवरच उरका. जागा बंदराच्या हद्दीत आहे. रखवालदाराने हटकलं तर हुज्जत न घालता दुर्बीण दाखवायची. आम्हाला हटकलं, मग त्यानेच डोळा लावून पाहिलं आणि विचारलं, "फ्लेमिंगो सोडून हे काय बघताय?"

प्रश्न रास्त होता. डोक्यावर २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू, लांबवर गुलाबी रेघ, आणि आम्ही दोघं करड्या ठिपक्यांकडे टक लावून. पण चिखल उघडा पडायला लागला तशी मजा सुरू झाली. चिखल्या चार पावलं धावतो, एकदम थिजतो, मान कलती करून बघतो, खाली वाकून टिपतो, पुन्हा धावतो. अशी शंभरेक पाखरं. एकाने चिखलातून अळी खेचली. ती ताणली जाऊन सुटली तसा तो चक्क मागे धडपडला. आत्या हसता हसता म्हणाली, "माझ्या वर्गातला होता असा एक."

ओळखायची खूण: वरून मातकट, खालून पांढरा, छातीच्या दोन्ही बाजूंना करडा डाग. मानेमागून पांढरी पट्टी पूर्ण फिरलेली दिसली तर तो केंटिश प्लोव्हर. चोच जाडजूड आणि पाय लांब वाटले तर ग्रेटर सँड प्लोव्हर. इथे माझी अजूनही फसगत होते.

मग आत्याने तिचा धडा काढला. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंश उतरतं. म्हणजे हवा एका अंशाने तापली तर तीच थंडी गाठायला दीडशे मीटर वर जावं लागणार. "आणि डोंगराला शेंडा असतो," ती म्हणाली.

पेरूतल्या सेरो दे पांतियाकोया डोंगरावर १९८५ मध्ये पक्षी मोजले होते. २०१७ मध्ये पुन्हा मोजले तर पक्षी वर सरकलेले, आणि शेंड्यावरच्या पूर्वीच्या नेहमीच्या काही जाती सापडल्याच नाहीत. आल्प्समधली हिमचटकी (स्नोफिंच, चिमणीसारखा डोंगरी पक्षी) पिल्लांना भरवायला वितळत्या बर्फाच्या कडेच्या अळ्या वेचते. बर्फ लवकर गेला तर पिल्लं भुकेली असताना अळ्यांचा हंगाम संपलेला. पण सगळेच वर पळतात असंही नाही. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींशी ताळा केला तर बरेच पक्षी खाली आलेले दिसले, कारण त्यांना थंडीइतकाच पाऊसही लागतो.

आमच्या चिखल्याचं कोडं आणखी वेगळं. हिमालय वाळूच्या घड्याळासारखा: चढताना जागा आधी कमी होते आणि वर तिबेटचं पठार लागलं की पुन्हा पसरते. शेंड्यावर कोंडी होण्याची भीती त्याला कमी. पण ते पठार जगाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने तापतंय, आणि अंडी घालायला मिळणारा उन्हाळा जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. वर्षाचे उरलेले महिने तो इथे, जिथे समुद्र चढतोय आणि चिखलाच्या मागे भिंत आहे, म्हणजे चिखलाला मागे सरकायला जागाच नाही. या भिंतीबद्दल कुणी बोलत नाही याचा मला राग येतो. पहाडी पक्ष्याची काळजी फक्त पहाडावर करून कसं चालेल?

सहा वाजता उजेड गेला. चिखलात उतरण्याचा मोह टाळा. मी फक्त एक पाऊल टाकलं, गुडघ्यापर्यंत गेलो आणि चप्पल तिथेच राहिली.

नोंद ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकताना संख्येबरोबर पिसांचा रंगही लिहा. मार्च-एप्रिलमध्ये निघण्याआधी त्यांची छाती विटकरी होते, डोळ्यांवर काळा मुखवटा चढतो. रंग कधी चढला, शेवटचा थवा कधी गेला, ऑगस्टात पहिला कधी परतला, या तारखा दरवर्षी लिहिल्या तरच काही सरकलंय का ते कळणार. मेमध्ये एखादा करडा दिसला तर दचकू नका. पहिल्या वर्षाची पिल्लं पुष्कळदा किनाऱ्यावरच थांबतात.

ट्रकची धूळ नकोच असेल तर ऐरोलीहून खाडीत बोट जाते, आधी बुकिंग करा. आम्ही मार्चअखेरच्या चतुर्थीला पुन्हा शिवडीलाच जाणार आहोत. शुद्ध असो वा वद्य, भरतीला पक्ष कळत नाही. आत्याने मात्र शुद्धातलीच निवडली आहे, म्हणजे डब्यात थालीपीठ नेता येईल.