भिंतीवरचे चार दिवस

आमच्या छायाचित्रकार मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी सभागृहात सगळ्यात आधी यायची ती दोरी. फोटो नंतर. साधी सुताची पांढरी दोरी, दोन्ही टोकांना गाठी. जमिनीपासून दीडशे सेंटिमीटरवर ती भिंतीलगत ताणायची आणि प्रत्येक फ्रेमचा मध्य त्या रेषेवर आणायचा. वरच्या कडा जुळवायच्या नाहीत, खालच्याही नाहीत. मध्य जुळला की फ्रेम लहान असो वा मोठी, बघणाऱ्याची नजर एका पातळीवरून पुढे सरकत राहते. मी मंडळात आले त्या वर्षी मला दोरीचं एक टोक धरायला दिलं होतं. पलीकडचं टोक काकांच्या हातात.

काकांना लहानथोर सगळेच काका म्हणत. डार्करूम, म्हणजे फिल्मवरून कागदावर फोटो काढायची अंधारी खोली, त्यांच्या घरी होती आणि मंडळातल्या निम्म्या लोकांनी आपली पहिली प्रिंट तिथेच काढलेली. ते दोरी एवढी ताणून धरत की मधे बोट मारलं तर तार छेडल्यासारखा आवाज येई. माझ्या बाजूला जरा सैल पडली की म्हणायचे, "अगं, आपण दमलो हे भिंतीला कळता कामा नये."

फोटो लावायला रात्र जायची. खिळे ठोकायला वेळ लागत नाही, वेळ लागतो तो कुणाशेजारी कोण हे ठरवायला. भिंतीच्या डाव्या टोकाला डावीकडे बघणारा चेहरा लावला तर तो माणूस सभागृहाबाहेर बघत बसतो आणि येणारा त्याच्यामागून बाहेर जातो. गडद, सावल्यांनी भरलेल्या प्रिंटशेजारी धुक्याचा पांढुरका फोटो आला की दोघेही बिघडतात. एकाला काळोखी येते, दुसरा धुतल्यासारखा दिसतो. आधी सगळ्या फ्रेम जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवायच्या, लांब उभं राहून बघायचं, दोन बदलायच्या, पुन्हा लांब जायचं. मध्यरात्र उलटून गेली तरी कुणी घड्याळाकडे बघत नसे. कुणाच्या तरी लक्षात यायचं की क्रमांक आठ आणि क्रमांक एकवीसमध्ये रस्त्याची वळणं सारखी आहेत, आणि मग सगळी भिंत पुन्हा मांडायची. मला आजही वाटतं, प्रदर्शनाचा सगळ्यात सुंदर भाग लोकांना कधी दिसलाच नाही. तो त्या रात्रीचा होता.

त्याच्या आधीच्या आठवड्यात परीक्षण असे. प्रिंटच्या मागे नाव, पुढे फक्त क्रमांक. एका स्टँडवर एकेक प्रिंट ठेवायची, वरून दिवा, समोर तीन परीक्षक, प्रत्येकाकडे दहापैकी गुण. सदस्यांना मागे बसायची मुभा होती, बोलायची नव्हती. आपली प्रिंट स्टँडवर आली की श्वास आपोआप धरला जाई. शेजारच्याला त्यावरून कळायचं, हिची दिसते.

गुण झाले की चर्चा. चर्चेचे दोनच नियम होते, दोन्ही काकांनी घातलेले. ज्याचा फोटो, त्याने बोलायचं नाही. आणि बाकीच्यांनी आधी काय दिसतंय ते सांगायचं. आवडलं की नाही, चांगला की वाईट, अर्थ काय, हे सगळं नंतर. "एक खिडकी आहे. बंद आहे. खालच्या काचेला तडा आहे. ऊन डावीकडून येतंय." असं. नवीन माणूस गोंधळायचा, त्याला लगेच "छान आहे हो" म्हणायचं असायचं. पण पाच मिनिटं नुसतं दिसतंय ते सांगत बसलं की फोटोत कितीतरी गोष्टी सापडायच्या, ज्या काढणाऱ्यालाही ठाऊक नसत.

ती खिडकी माझीच होती. स्टुडिओवाल्या दादांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "वरचा उजवा कोपरा मला ओढून घेतोय, आणि तिथे काहीच नाही." खरं होतं. तिथे आभाळाचा एक पांढरा तुकडा होता, आणि डोळा आधी उजेडाकडे जातो. दुसऱ्या दिवशी काकांच्या डार्करूममध्ये मी तीच निगेटिव्ह पुन्हा एनलार्जरला, म्हणजे ती मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राला, लावली. पूर्ण कागदाला बारा सेकंद उजेड दिला. मग पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून फक्त त्या कोपऱ्याला आणखी आठ सेकंद. पुठ्ठा सतत हलता ठेवायचा, म्हणजे कडा उमटत नाही. याला बर्निंग म्हणतात. कोपरा राखाडी झाला आणि काचेवरचा तडा पहिल्यांदा दिसला. त्या आठ सेकंदांसाठी मी दादांची जन्मभर ऋणी आहे.

दादांबद्दल थोडं सांगायलाच हवं. ते पोटासाठी फोटो काढत. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो. मंडळातले काही जण, तोंडावर नाही पण मनातून, त्यांना कलाकार मानत नसत. ते मला तेव्हाही खटकायचं. लाजणारं मूल, ताठलेला नवरदेव, कॅमेरा बघताच ओठ आवळून घेणारी आजी, यांना दोन मिनिटांत सैल करणारा हात आमच्यापैकी दुसऱ्या कुणाकडेही नव्हता. चेहऱ्यावर एका बाजूने उजेड टाकून दुसऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण कसा राखायचा, हे त्यांनी आम्हाला एका खिडकीवर आणि एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर शिकवलं. दरवर्षी ते एकच प्रिंट देत. ती बहुतेक वेळा चेहऱ्याचीच असे.

१९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाला, प्रदर्शन नसलं तरी जमायचंच. १८३९ साली त्या दिवशी फ्रान्सने डागेरोटाइपची, धातूच्या प्लेटवर फोटो उमटवण्याच्या पद्धतीची, सगळी कृती जगापुढे मांडली. काका दर वर्षी तीच गोष्ट सांगत आणि आम्ही दर वर्षी ती ऐकत असू. ती पद्धत शोधणाऱ्या डागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसमधला एक गजबजलेला रस्ता वरच्या खिडकीतून टिपला. प्लेटला कित्येक मिनिटं उजेड द्यावा लागे. तेवढ्या वेळात चालणारी माणसं, घोडागाड्या, सगळं विरून गेलं आणि रस्ता ओस दिसला. ठळक राहिला तो एकच माणूस, बूट पॉलिश करून घेण्यासाठी पाय वर करून स्थिर उभा असलेला. फोटोत दिसणारा पहिला माणूस म्हणून तो आज ओळखला जातो. इथे काका थांबायचे आणि नवीन मुलांकडे बघून म्हणायचे, "त्याला ठाऊकही नव्हतं. आणि बाकीचे सगळे तिथे होतेच की. फक्त दिसत नाहीत."

स्लाइड शोची संध्याकाळ वेगळी. प्रत्येक स्लाइडच्या पांढऱ्या माउंटवर, म्हणजे फिल्मच्या तुकड्याभोवतीच्या चौकटीवर, खाली डाव्या कोपऱ्यात एक ठिपका केलेला असे. प्रोजेक्टरच्या ट्रेमध्ये घालताना स्लाइड उलटी करायची, ठिपका अंगठ्याखाली वर उजवीकडे यायला हवा. मग पडद्यावर चित्र सुलटं. ऐंशी खाचांची गोल ट्रे, पंख्याची घरघर, आणि दिव्याच्या उष्णतेने एखादी फिल्म मधेच फुगून पडद्यावरचा डोंगर धूसर व्हायचा. सगळे एकसुरात "फोकस!" म्हणायचे.

आमच्यातल्या एक ताई शाळेत विज्ञान शिकवत. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांसाठी सायनोटाइप, हे त्यांनी सुरू केलं. १८४२ साली जॉन हर्शेल यांनी शोधलेली ही पद्धत. लोहाचे दोन क्षार पाण्यात मिसळून कागदाला लावायचे, अंधारात वाळवायचे, वर पान किंवा पीस ठेवून काचेखाली उन्हात धरायचं. मग साध्या पाण्यात धुवायचं. बाकीचं सगळं निळं होतं आणि पान होतं तिथे पांढरी सावली राहते. ताई मुलांना ॲना ॲटकिन्स यांच्याबद्दल सांगत. त्यांनी १८४३ पासून समुद्री शेवाळाचे असेच निळे ठसे काढून पुस्तकरूपात वाटले होते, कॅमेरा न वापरता. मुलांना ते फार आवडायचं, कॅमेरा नसला तरी चालतो हे. ओले निळे कागद दोरीवर वाळत घातलेले असायचे आणि त्यांच्या खालून मोठी माणसं वाकून आत यायची.

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्यावरचा फलक ताईंनीच केला होता. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात, हे वाचताना मुली थबकायच्या. पुढे 'डालडा १३' या टोपणनावाने त्या ओळखल्या गेल्या, २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. ताईंचं म्हणणं, नाव मागे असणं परीक्षणापुरतं ठीक, भिंतीवर ते पुढे आलंच पाहिजे. त्या वर्षीपासून आमच्याकडे फ्रेमखालच्या पट्टीवर छायाचित्रकाराचं नाव शीर्षकापेक्षा मोठ्या अक्षरात येऊ लागलं.

आणि शीर्षक. आता त्याबद्दल.

दाराशी एका टेबलावर अभिप्रायवही असायची. शेवटच्या रात्री, फ्रेम उतरवण्याआधी, आम्ही जमिनीवर गोल करून बसत असू आणि काका ती मोठ्याने वाचत. "सुंदर." "अप्रतिम." "क्रमांक चार बघून गाव आठवलं." एका वर्षी वाचता वाचता ते थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा सुरुवात केली. "क्रमांक सतरामधले गृहस्थ माझे वडील आहेत. मागच्या वर्षी गेले. हा फोटो कधीचा आहे? ते एकटे नव्हते." खाली नाव आणि फोन नंबर.

क्रमांक सतरा माझा होता. बाकावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ, दोन्ही हात काठीवर, नजर लांब. मी पट्टीवर लिहिलं होतं, 'एकाकी'. परीक्षकांना तो आवडला होता, लोक त्याच्यासमोर थांबत होते. मी त्यांना नाव विचारलं नव्हतं. लांबून, टेलीफोटोने काढला होता, कुणी दुसरा त्यात नको म्हणून.

त्यांच्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "मी समोर औषधं घ्यायला गेले होते. ते माझ्याकडेच बघत होते." मी काय बोलावं ते मला सुचेना. मग म्हटलं, तुम्हाला प्रिंट काढून देते, तुम्ही याल का? त्या हो म्हणाल्या.

त्या आल्या तेव्हा डार्करूममध्ये आम्ही चौघं होतो. काका, दादा, त्या आणि मी. लाल दिव्याला डोळे सरावेपर्यंत काकांनी त्यांना तिन्ही ट्रे समजावून सांगितले. हा डेव्हलपर, यात चित्र उमटतं, हा ते थांबवणारा स्टॉप बाथ, त्याचा व्हिनेगरसारखा वास येईल, आणि शेवटी चित्र पक्कं करणारा हायपो, त्यात गेल्याशिवाय पांढरा दिवा लावायचा नाही. मी निगेटिव्ह लावली आणि सवयीने ईझलच्या, कागद धरणाऱ्या चौकटीच्या, पट्ट्या आत सरकवायला लागले, प्रदर्शनासाठी कापला होता तेवढा भाग धरून. काका हळूच म्हणाले, "पूर्ण लाव."

पूर्ण लावली. डाव्या कडेला काहीतरी होतं. निगेटिव्हमध्ये ते फिकट होतं, म्हणजे प्रिंटमध्ये गडद येणार. प्रदर्शनाच्या वेळी मला तेवढंच कळलं होतं की तो कोपरा नजर ओढून घेतोय, आणि मी तो कापून टाकला होता. ते काय आहे हे मी बघितलंच नव्हतं.

कागद डेव्हलपरमध्ये गेला. मी ट्रेची एक कड उचलून हळूहळू हलवत राहिले. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, नुसता पांढरा कागद. जे सगळ्यात गडद असतं ते आधी उमटतं. बाकाखालची सावली आली. मग काठीची रेघ. चेहरा अजून आला नव्हता. डावीकडे, त्यांच्या मांडीला टेकून ठेवलेली, दोन बंदांची एक काळी पिशवी उमटली.

त्या ट्रेवर वाकल्या.

"ही माझी," म्हणाल्या. "सांभाळायला दिली होती त्यांच्याकडे."