बटण बंद, तरी एलईडी मिणमिणतोच

६० वॉटचा पिवळा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावणं हे कामच नाही. खोक्यावर ८०० च्या आसपास ल्युमेन (उजेडाचं माप) बघायचे, होल्डरला बसतो का ते बघायचं, झालं. रोज पाच तास जळणाऱ्या एका दिव्यामागे महिन्याला साडेसात युनिट वाचतात, म्हणून जास्त तास चालणारे दिवे आधी बदलावेत.

मला पिडलं ते बटण बंद केल्यावरही मिणमिणणाऱ्या दिव्यांनी. एक अंधुक जळत राहतो, दुसरा थोड्या थोड्या वेळाने लुकलुकतो, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, "बल्ब खराब आहे, बदलून घ्या." बदललेलाही तेच करतो. दोष बल्बात नसतोच!

आधी बटण बघा. बंद असताना पेटणारा इंडिकेटर त्यात असेल, तर त्याचा करंट दिव्यातूनच जातो. हा करंट एवढा कमी की जुन्या तारेच्या बल्बला त्याचा पत्ताही लागत नसे. एलईडीच्या ड्रायव्हरमधला, म्हणजे बल्बाच्या आतल्या वीज-सर्किटमधला, कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) मात्र तेवढ्यावरही हळूहळू भरतो, पुरेसा भरला की दिवा क्षणभर पेटतो, आणि पुन्हा भरणं सुरू. साधं बटण लावलं की प्रश्न मिटतो.

इंडिकेटर नसेल तर बल्ब काढून, बटण बंद ठेवून होल्डरच्या टोकांना टेस्टर लावा. एका टोकाला टेस्टर लख्ख पेटला तर बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) आहे. हे नुसतं मिणमिणण्यापुरतं नाही. बटण बंद आहे म्हणून होल्डरला हात लावणाऱ्याला शॉक बसेल. वायरमनकडून फेज बटणावर घ्यायलाच हवा.

दोन्ही ठीक आणि तरी मिणमिणतो? जिन्याच्या टू-वे वायरिंगमध्ये, म्हणजे एकच दिवा दोन बटणांवर असतो तिथे, असं होतं. लांबवर शेजारून गेलेल्या तारांमुळे बंद तारेतही थोडा व्होल्टेज येतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसीचा एक्स-२ (थेट मेन लाइनवर लावण्याजोग्या प्रकारचा) कपॅसिटर आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर, ही जोडी दिव्याला समांतर लावतात. पंख्याचा जुना कपॅसिटर नको. आणि हो, ही सगळी जोडणी मेन स्विच पाडून, टेस्टरने खात्री करून.

डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) असेल तर 'डिमेबल' लिहिलेलाच बल्ब घ्या. जुन्या डिमरला किमान लोड लागतो, ९ वॉटवर तो थरथरतो. पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात ड्रायव्हर तापतो आणि बल्ब लवकर जातो.

ट्यूबलाइटच्या जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना चोक आणि स्टार्टर काढून थेट जोडणी करायची असेल, तर ट्यूबवरची आकृती वाचा. काहींना पुरवठा एकाच टोकाला लागतो, काहींना दोन्ही टोकांना. चुकलं तर ट्यूब पेटत नाही किंवा थेट शॉर्ट होते.