आठ दिवसांचं माहेर

आमच्या घरात पहिलं बाळंतपण माहेरीच, हे न बोलता ठरलेलं. आई तिच्या आईकडे कराडला गेली, मावशीही तिथेच गेली, माझी थोरली बहीण आमच्या घरी आली. माझी वेळ आली तेव्हा मी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला होते. बाबांची बायपास नुकतीच झाली होती, त्यांना सोडून आईला निघता येत नव्हतं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही आणि इथली घरं म्हणजे दोन-तीन मजली उभे जिनेच. तारीख फेब्रुवारीतली, म्हणजे ऐन थंडीची. आई फोनवर रोज एकच विचारायची, "तुझं करणार कोण गं?"

करणारी होती. तिच्याबद्दलच लिहायचं आहे, कारण लेक आता तीन वर्षांची झाली तरी ते दिवस आठवले की मला पहिल्यांदा तीच बाई दिसते.

इथे 'क्रामझोर्ख' नावाची सोय आहे. बाळ जन्मल्यावर पहिले आठ दिवस एक प्रशिक्षित बाई रोज घरी येते. बाळाचं आणि बाळंतिणीचं सगळं बघते. दूध पाजायला शिकवते, टाके बघते, अंघोळ घालून दाखवते, मोठं भावंड असेल तर त्याला सांभाळते, थोडंफार घरकामही करते. साधारण ४९ तास मिळतात, गरजेप्रमाणे कमीत कमी २४ आणि जास्तीत जास्त ८०. प्रत्येकाला सक्तीचा असतो त्या मूळ आरोग्यविम्यातच हा खर्च धरलेला असतो, आपण तासामागे थोडी रक्कम भरायची. कारखान्यातल्या कामगाराच्या बायकोला आणि कंपनीच्या मोठ्या साहेबाच्या बायकोला सोय एकच. नाव मात्र तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच नोंदवावं लागतं.

सातव्या महिन्यात तयारीची यादी हातात आली. त्यात गरम पाण्याच्या धातूच्या दोन बाटल्या, थर्मामीटर, मलमलीची दुपटी, आणि पलंग उंच करायचे ठोकळे! पलंग जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटर हवा, नाहीतर ती बाई काम करणार नाही. दिवसभर बाळंतिणीच्या पलंगाशी वाकून तिची पाठ जाऊ नये म्हणून हा नियम. आमच्याकडे मालिशवाल्या मावशी आयुष्यभर जमिनीवर बसून बाळं न्हाऊ घालतात आणि पन्नाशीत कंबर धरून चालतात. त्यांच्या कंबरेचा विचार आमच्या घरात कधी कुणी केल्याचं मला आठवत नाही. ते ठोकळे भाड्याने आणले आणि पलंगाखाली बसवले तेव्हाच मला या पद्धतीबद्दल आदर वाटायला लागला.

बाळंतपणाबद्दल थोडक्यात सांगते. नऊ महिने मला सुईणीनेच तपासलं. इथे तिला 'फेरलोसकुंडिख' म्हणतात, चार वर्षांचं शिक्षण घेतलेली असते. सगळं सुरळीत असेल तर डॉक्टरचं तोंडही दिसत नाही. घरीच बाळंत होणाऱ्या बायका अजूनही बऱ्याच आहेत, मला मात्र हॉस्पिटलच हवं होतं. कळा रात्रभर चालल्या. सुईण माझ्या कंबरेवर तळहात दाबून उभी होती आणि नवरा दुसऱ्या बाजूला. पहाटे लेक झाली. त्यांनी तिला पुसून थेट माझ्या छातीवर ठेवलं, वर एक चादर, आणि तासभर कुणी हात लावला नाही. वजन वगैरे नंतर. दुपारी तर आम्ही घरी होतो! आईला फोन केला तर तिला खरंच वाटेना. "आजच्या आज सोडलं? अगं, टाके आहेत ना तुला?"

दारात ती बाई उभीच होती. पंचावन्नच्या आसपासची, उंचीपुरी, करड्या केसांची, हात सतत गरम. घरात आल्यावर तिने आधी बाळाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "काही खाल्लंस का?"

मग तिने केलं ते इथे प्रत्येक घरात करतात. गोल कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळवलेली अनीस, म्हणजे बडीशेपेसारखी दिसणारी बी, पेरायची. याला 'बेस्खाउट मेट माउश्येस' म्हणतात. मुलगी झाली तर गुलाबी-पांढरे दाणे, मुलगा झाला तर निळे-पांढरे. २००३ साली राजकन्या अमालियाचा जन्म झाला तेव्हा नारिंगी दाणे काढले होते, कारण राजघराण्याचा रंग तो. येणाऱ्या-जाणाऱ्याला, ऑफिसात, शेजारी हेच वाटायचं. पहिला घास तोंडात गेला आणि मी थांबलेच. चव थेट बाळंतशेपेच्या अंगाने जाणारी. ही बडीशेपेची जातभाई, आपली बाळंतशेप वेगळी, पण समजूत दोन्हीकडे तीच, बाळंतिणीला दूध येतं आणि पोट हलकं राहतं. मी त्या बाईला सांगितलं की माझ्या आजीने जेवणानंतर मूठभर बाळंतशेप चावल्याशिवाय कुणा बाळंतिणीला ताटावरून उठू दिलं नाही. तिला फार आनंद झाला. आईने पाठवलेल्या डब्यातली शेप मी तिला चाखायला दिली. डिंकाचा लाडू मात्र तिला फार गोड लागला.

पुढचे दिवस तिच्या वहीप्रमाणे चालले. बाळाचा ताप किती, माझा ताप किती, नाडी, शी-शूची दुपटी, किती वाजता किती वेळ पाजलं, गर्भाशय किती बोटं खाली आलं, सगळं वहीत. पाळण्यात गरम पाण्याची बाटली कशी ठेवायची ते तिने नवऱ्याला तीनदा करायला लावलं. पाणी काठोकाठ भरायचं, झाकण घट्ट फिरवून बाटली उलटी धरून हलवून बघायची, मऊ पिशवीत घालायची, झाकणाचं तोंड बाळाच्या पायांकडे आणि खाली, आणि बाळापासून हातभर दूर नाही पण वीतभर तरी अंतर हवंच. पहिल्या दिवशी त्याचे हात थरथरत होते. शेवटी शेवटी तो झोपेतून उठूनही बिनचूक करायचा. लेकीला पहिली अंघोळ त्यानेच घातली, उभ्या बादलीत. मानेखाली एक हात, पाण्यात नुसतं डोकं वर, आणि ती गुडघे पोटाशी घेऊन शांत तरंगत होती. आमच्याकडे बाप महिनाभर बाळाला हातात घ्यायला घाबरतो आणि बायका म्हणतात, "राहू दे, तुला नाही जमायचं." इथे त्याला कुणी तसं म्हटलंच नाही, म्हणून त्याला जमलं.

तिसऱ्या दिवशी मला रडू फुटलं. दूध उतरत होतं, छाती दगडासारखी, बाळाचं वजन घटलेलं, आणि आई नाही. ती बाई खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आज रडायचाच दिवस आहे. बहुतेक सगळ्या रडतात." मग तिने समजावून सांगितलं की पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. कोबीची थंड पानं छातीवर ठेवली. दारावरची घंटा बंद केली. भेटायला येणाऱ्या शेजारणीला फोन करून पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं. हे तिने किती सहज केलं! आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत येणाऱ्याला "आज नको" म्हणायची हिंमत कुणाची असते?

पाचव्या दिवशी एक नर्स घरी आली. बाळाच्या टाचेला बारीक टोचून जाड कागदावर छापलेल्या गोलांत रक्ताचे थेंब भरून घेतले. जन्मानंतर तीन ते सात दिवसांत ही चाचणी करतात. १९७४ साली एका आजारापासून सुरू झाली, आता पंचवीसच्या वर आजार त्यातून कळतात. वेळेत कळले तर औषधाने किंवा आहाराने मूल वाचतं, पांगळं होत नाही. त्याच रात्री आम्ही पाचवी पुजली. पाटावर कोरा कागद, पेन, हळदकुंकू. सटवाई येऊन लेकीच्या कपाळी लिहून जाईल म्हणून मी दिवा तेवत ठेवला. दोन्ही मी मनापासून केलं.

उशीची गोष्टही सांगायला हवी. आजीने स्वतः शिवलेली मोहरीची उशी पाठवली होती, बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून. ती बाई उशी हातात घेऊन कुरवाळत राहिली, टाके किती सुबक म्हणाली, आणि मग तितक्याच ठामपणे म्हणाली, "पाळण्यात उशी नाही. गोधडी नाही. पाठीवरच झोपवायचं." त्यामागे या देशाची मोठी व्यथा आहे. सत्तरच्या दशकात इथे बाळांना पालथं झोपवायची पद्धत आली आणि पाळण्यात झोपेतच दगावणारी बाळं वाढली. दे योंगे नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी हा संबंध ओळखला. १९८७पासून पालथं झोपवू नका असं सांगायला सुरुवात झाली आणि मृत्यू झपाट्याने घटले. हे ऐकल्यावर आजीची उशी मी कपाटात जपून ठेवली. आता लेक तिच्यावर बाहुली झोपवते.

आठवा दिवस संपला. तिने वही मिटून मला दिली, लेकीच्या कपाळाला ओठ टेकले आणि सायकलवरून दुसऱ्या बाळंतिणीकडे गेली. मी खिडकीशी उभी राहून हमसून रडले. आपल्याकडचा सवा महिना मला त्या क्षणी फार हवा होता. तो शेक, ती धुरी, पायांना तेल लावणारे हात, रात्री दोन वाजता "दे इकडे, तू झोप" म्हणणारं कुणीतरी. हे या देशात मिळत नाही. आठ दिवसांनी तुमचं तुम्ही, असंच इथे आहे, आणि ते मला आजही कमी वाटतं.

पुढची वाढ 'कॉन्सुल्तात्सीब्युरो'त मोजली जाते. हे वस्तीतलं बालआरोग्य केंद्र, चार वर्षांपर्यंत सगळं मोफत. वजन, उंची, डोक्याचा घेर, लसी. ठोकळ्यावर ठोकळा ठेवते का, बोटाच्या चिमटीत मणी उचलते का, हेही बघतात. डच लोक जगातल्या सर्वांत उंच लोकांत मोडतात आणि आलेखही त्यांच्याच मुलांचा. लेकीचा ठिपका कायम तळाशी. मला रात्री झोप लागेना. मग तिथल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी दुसरा तक्ता काढला, हिंदुस्तानी मुलांचा. १८७३ साली 'लाला रूख' जहाजातून कलकत्त्याहून सुरीनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, नेलेल्या आणि त्यानंतरच्या गिरमिटिया (करारावर नेलेल्या) मजुरांचे वंशज सुरीनाम १९७५ साली स्वतंत्र झालं त्या सुमारास मोठ्या संख्येने इकडे आले. त्यांच्या मुलांची मापं घेऊन हे तक्ते केले आहेत. त्यावर माझी लेक बरोबर मध्यावर होती! शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बिहार-पूर्वांचलातून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या बायकांची नातवंडं-पतवंडं मला अशी उपयोगी पडली. डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, "घरी तुमच्याच भाषेत बोला. डच ती पाळणाघरात शिकेल." तसंच झालं. पाळणाघरात ती "कैक!" (डचमध्ये 'बघ!') म्हणून मैत्रिणींना काहीतरी दाखवते आणि घरात पाय ठेवताच "आई, बघ ना" सुरू होतं.

आई मे महिन्यात आली. पहिल्याच सकाळी न्हाणीघरात पाट मांडून पाय लांब केले, लेकीला पायांवर घेतलं आणि कोमट तेलाने अंग चोळायला लागली. लेक आधी भोकाड पसरून रडली, मग हळूहळू तिच्या मुठी उघडल्या. अंघोळीनंतर ती जी झोपली ती थेट दुपारी उठली.

एका संध्याकाळी मी आईला ती वही दाखवली. आईने पानं उलटली आणि म्हणाली, "हे आपल्याकडे गडचिरोलीत केलंय की बंगांनी." खरंच आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यांनी १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. त्यावरूनच २०११पासून देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी. ताप बघणं, वजन घेणं, बाळाला उबेत ठेवायला आणि अंगावर पाजायला शिकवणं, सगळं तेच. फरक इतकाच की आशाताईला या सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये मिळतात आणि माझ्याकडे आलेल्या बाईला पगार, रजा आणि निवृत्तिवेतन आहे. मला हा फरक सहन होत नाही. ज्या बाईचं माहेर धड आहे तिचं बाळंतपण आपल्याकडे लाडाकोडात होतं. जिची आई गेली, जिचं माहेर ऊसतोडीला गेलं, जिने जातीबाहेर लग्न केलं म्हणून दार बंद झालं, तिच्याकडे येणारी आशाताई एकटीच असते.

माझ्या वहिनीची तारीख सप्टेंबरातली आहे. तिला आई नाही. मी तिला आशाताईंचा नंबर आत्ताच घेऊन ठेवायला सांगितलं, आणि दादाला पहिले आठ दिवस रजा टाकायला. दादा म्हणाला, "मी घरी बसून काय करणार?" मी नवऱ्याला फोन दिला. दोघं पाऊण तास बोलत होते, गरम पाण्याच्या बाटलीपासून अंघोळीपर्यंत. काल दादाने रजेचा अर्ज दिला.