आंग्रिया बँक, मुशी आणि वर येण्याची तयारी

आंग्रिया बँकेवर स्कूबा डायव्हिंग करून परतल्यापासून भेटेल तो मुशीबद्दलच, म्हणजे शार्कबद्दलच विचारतो. मुशी दिसली, चांगली जवळून दिसली. पण माझा जीव खरा गुंतला होता तो वर येऊन बोट गाठण्यात. म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं हे प्रवाळांचं पठार. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला मिळालं आहे. लांबी साधारण ४० किलोमीटर, रुंदी १५. माथा पाण्याखाली २० ते २४ मीटरवर, आणि कडेला तळ एकदम शेकडो मीटर खाली जातो. मालवणला किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात काही बिनसलं तर वाळूवर गुडघे टेकून विचार करता येतो. इथे माथा दिसेपर्यंत वर-खाली नुसतं निळं पाणी असतं, धरायला काही नाही.

ओपन वॉटर या डायव्हिंगच्या पहिल्या सर्टिफिकेटची मर्यादा १८ मीटर, म्हणजे ते इथे पुरत नाही. ३० मीटरपर्यंतचं अ‍ॅडव्हान्स्ड केलं आणि सोबत नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचा कोर्स. वाटेत सक्तीचे थांबे न घेता वर येता यावं, तर साध्या हवेवर २४ मीटरला तक्त्याप्रमाणे २९ मिनिटं मिळतात, ३२ टक्क्यांच्या नायट्रॉक्सवर ती बरीच वाढतात. मला मात्र घाम फोडला एसएमबीने, म्हणजे खालून रिळाच्या दोरीवर वर सोडायच्या नारिंगी फुग्याने. मोकळ्या पाण्यात तरंगत, खोली न बदलू देता, फुग्यात हवा भरायची आणि रीळ हातात अडकू द्यायचं नाही. तारकर्लीच्या गढूळ पाण्यात हे इतकं घोटलं की शेवटी डोळे मिटूनही जमायला लागलं. समुद्राच्या मध्यावर बोटीला तुम्ही दिसता ते फक्त या फुग्यामुळे.

दिवस निवडले अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त. इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज बघत होतो. रात्री मतलई वाऱ्यावर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर, बंदर सोडलं. बोट चालवणाऱ्या तांडेलकाकांना मी मुशीबद्दल विचारलं तर म्हणाले, "मुशीक कित्याक घाबरतास? पाण्याच्या ओढीक घाबरा."

पहाटे पठारावर पोचलो तेव्हा समुद्र तेलासारखा संथ होता. सगळे सूट चढवायला लागले. गाइडने आधी वजन लावलेली दोरी सोडली. ती सरळ न जाता तिरकी होत बोटीखालून लांब गेली. वर हालचाल नाही आणि खाली पाणी धावतंय. सूट अर्धे उतरवून बसलो. ते थांबणं मला जड गेलं नाही, कारण गाइड दर थोड्या वेळाने दोरी पुन्हा सोडून आम्हाला दाखवत होता आणि तिचा कल कमी होताना दिसत होता. दोरी जवळजवळ उभी राहिली तशी आम्ही उड्या टाकल्या.

बीसीडीतली, म्हणजे तरंगायच्या जॅकेटातली हवा आधीच काढलेली, त्यामुळे थेट खाली. पंधरा मीटरवर एकदम गार पाण्याचा थर लागला. मग माथा उलगडला: प्रवाळ, तांबोशींचे थवे, भोकातून तोंड काढून बसलेला गोबरा. काठाच्या ज्या बाजूने पाणी येतं तिकडे मासळी दाट असते, आणि मुशीही तिथेच. वाळूच्या पट्ट्यावर एक निवांत पडली होती, पाठीच्या पराचं टोक पांढरं. काही मुशींना श्वासासाठी पोहत राहावं लागतं. ही जात पडल्या पडल्या कल्ल्यांतून पाणी खेळवते. आम्ही बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीवर तरंगत थांबलो, तिच्या वाटेत आलो नाही. थोड्या वेळाने ती उठली, आमच्याभोवती एक सावकाश वळसा घेतला आणि काठावरून खाली गेली. मला तेव्हा मालवणच्या लिलावातल्या हातभर मोऱ्यांच्या, म्हणजे लहान मुशींच्या टोपल्या आठवल्या. मुशीला वयात यायला वर्षानुवर्षं लागतात, पिल्लंही मोजकीच होतात. आमच्या घरी मोरीचं मटण आवडीचं, पण मी आता मोरी आणू देत नाही.

तेवढ्यात समोरची मासळी सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी राहिली. पाणी पुन्हा ओढायला लागलं होतं. गाइडने अंगठा वर केला, म्हणजे वर चला. टाकीत अजून बरीच, १०० बारच्या वर हवा होती, तरी कोणी रेंगाळलं नाही. माथा सोडला आणि काही क्षणांत तो दिसेनासा झाला. आता संदर्भ म्हणजे मनगटावरचा खोली दाखवणारा कॉम्प्युटर आणि बडीचे, म्हणजे जोडीदाराचे डोळे. फुगा मी सोडला, रीळ सुरळीत फिरलं. अंगात साठलेला नायट्रोजन निघायला पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं होतं. आम्ही किती वाहत चाललोय याचा अंगाला पत्ताच लागत नव्हता, कारण पाणी आणि आम्ही एकत्रच जात होतो. वर डोकं काढलं तेव्हा उत्तरेचा वारा सुटलेला, लाटांना फेस आलेला, आणि बोट बरीच लांब. पण ती आमच्याकडेच येत होती. तांडेलकाकांनी फुगा पाण्यावर येताच हेरला होता.

दुपारची डाइव्ह रद्द झाली. कोणी हुज्जत घातली नाही. परतताना बोट इतकी हलत होती की जेवणाचा डबा कोणी उघडला नाही.

जाणार असाल तर आधी एसएमबीचा सराव पक्का करा, आणि पहिल्या डाइव्हला कॅमेरा बोटीवरच ठेवा. रिळासाठी दोन्ही हात मोकळे लागतात.