फरीनाचे डोळे

मुंबईत मी जुन्या चित्रपटांच्या डिजिटल दुरुस्तीचं काम करते. स्कॅनवरची धूळ, ओरखडे काढायचे. गेल्या मंगळवारी अकरा फ्रेम्सवर माझे सहा तास गेले. म्हणजे पडद्यावरचा जेमतेम अर्धा सेकंद.

'आवर गँग' या लहान मुलांच्या विनोदी चित्रपटांच्या अमेरिकन मालिकेतला १९२०च्या दशकातला मूकपट होता. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या, त्या काळात निर्माता हॅल रोचने १९२२मध्ये ही मालिका काढली आणि दोघांनाही एकत्र खेळवलं. त्यातला सगळ्यात लाडका फरीना, म्हणजे ॲलन हॉस्किन्स. आला तेव्हा दोन वर्षांचाही नसेल. पुढे शंभराहून जास्त चित्रपट केले. मुलगाच, पण केसांना चिंध्या बांधून फ्रॉक घातलेला. आणि एक विनोद ठरलेलाच: भूत दिसलं की काळं पोर डोळे वटारणार.

आमचं सॉफ्टवेअर मागची-पुढची फ्रेम बघतं. एकाच फ्रेममध्ये पांढरा ठिपका दिसला की ती धूळ. फरीनाने डोळे झपकन फिरवले आणि सॉफ्टवेअरने बुबुळांभोवतीचा पांढरा भागच पुसून टाकला. अकरा फ्रेम्समध्ये पोराला डोळेच नाहीत! तपासणाऱ्याने ते पास केलं होतं. "चेहरा काळाच आहे ना, कोणाला दिसतंय?" मी त्याच्याशी अजून नीट बोललेले नाही.

मी डोळ्यांवर मास्क लावून, म्हणजे तेवढा भाग सॉफ्टवेअरपासून वेगळा राखून, एकेक फ्रेम हाताने सोडवली. त्यासाठी सावल्या उचलल्या, म्हणजे गडद भाग उजळले, तेव्हा खालून चेहरा वर आला. त्या काळची बहुतेक फिल्म लाल रंगाला आंधळी, त्यामुळे त्वचा आणखी काळवंडायची. वर कॉपीची कॉपी. तरी स्कॅनमध्ये सगळं शिल्लक होतं: ओला ओठ, नाकाखालची रेघ. नजर भुताकडे नव्हतीच. ती कॅमेऱ्याच्या डावीकडे लागली होती. मूकपटात दिग्दर्शक शूटिंग चालू असतानाच मोठ्याने सूचना देत. पोर कान देऊन ऐकत होतं. चार फ्रेम्सनंतर ते घाबरलं, सांगितल्यावर.

मी ग्रेडरला, म्हणजे चित्राचा उजेड आणि छटा ठरवणाऱ्याला, तो शॉट दाखवला. तो म्हणाला, "एवढं उचललं तर बाजूच्या गोऱ्या पोरांचे चेहरे जळतील, पांढरेफटक पडतील." खरं आहे. पूर्ण चित्रपटाचं ग्रेडिंग त्यांच्याच चेहऱ्यांवर बेतलेलं आहे. फरीनापुरता वेगळा मास्क करता येतो. प्रत्येक शॉटमध्ये, हाताने. मी दोन दिवस मागितलेत, उत्तर आलेलं नाही. मास्कची फाइल मी ठेवून दिली आहे.