सोमवारची प्रार्थना

पाचवीत असताना माझ्या डब्यात बहुतेक दिवस घडी घातलेला रुमाल असे. रिकामा स्टीलचा डबा दप्तरात खडखडतो. रुमाल घातला की तो भरल्यासारखा गप्प राहतो. १९९१ साली बाबांची मिल बंद पडली. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातली खोली तीच राहिली, पण चूल एकदाच पेटू लागली, तीही संध्याकाळी. मधल्या सुट्टीत मी शाळेच्या नळावर पोट भरेपर्यंत पाणी प्यायचे. पाण्यानं भूक थोडा वेळ दबते, मग मळमळतं, आणि गणिताच्या तासाला फळ्यावरचे आकडे हलू लागतात. कुणी विचारलं तर "पोट दुखतंय" म्हणायचं. ते खोटंही नव्हतं.

पुढे डीएड करून मी इंदूरमध्येच एका सरकारी प्राथमिक शाळेत लागले. मध्यान्ह भोजन योजना १५ ऑगस्ट १९९५ पासूनची. सुरुवातीला बहुतेक राज्यांत मुलांना महिन्याला ३ किलो धान्य मिळे. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवणच द्या असा आदेश दिला. आताच्या नियमानं प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं. या योजनेनं किती लेकरं तगली ते मी डोळ्यांनी पाहते आहे. पण रविवारी शाळा नसते.

एका सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत दुसरीतली मुलगी मटकन खाली बसली. सहकारी बाई म्हणाल्या, ऊन लागलं असेल. कसलं ऊन, जानेवारी होता. मी जवळ गेले. "मैडम, पेट दुख रहा है." तिच्या फ्रॉकचा पुढचा भाग गळ्यापासून ओला होता. नळाला तोंड लावून खूप वेळ पाणी प्यायलं की फ्रॉक तिथेच भिजतो. मला दुसरं काही विचारावं लागलं नाही.

प्रशिक्षणात कुपोषणाची लक्षणं शिकवतात: वजन घटणं, केस विरळ होणं. खरी आहेत, पण फार उशिराची. ओला फ्रॉक त्या यादीत नाही.

तेव्हापासून सोमवारी पहिल्या तासाला मी अख्ख्या वर्गाला फुटाणे आणि गूळ देते. अख्ख्या वर्गाला, कारण एकाच मुलाच्या हातावर काही ठेवलं की बाकीचे एकोणचाळीस बघतात. हे मात्र मी भुकेकडून नाही, माझ्या लहानपणच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंकडून शिकले. आठवड्यातून दोनदा तरी त्या मला नकाशा आणायला शिक्षकांच्या खोलीत पाठवायच्या. टेबलावर शेव आणि जीरावन मसाला घातलेले पोहे झाकून ठेवलेले असत. मागून येऊन त्या म्हणायच्या, "आधी ते संपव, हात धू, मग नकाशाला हात लाव. तेलकट होतो." त्यांनी घरचं कधी काही विचारलं नाही, आणि वर्गात कुणाला कधी काही कळलं नाही. सगळ्यांना वाटे, नकाशे सांभाळायचा मान माझा.

गेल्या सोमवारी एका मुलानं फुटाणे तोंडात न टाकता खिशात घातले. असं करणाऱ्या मुलाच्या घरी धाकटं भावंड असतं, हेही मला ठाऊक आहे. फळा पुसता पुसता मी त्याच्या बाकाजवळ गेले आणि आणखी एक मूठ ठेवली.